टाकीतले जंतू आणि एक शुद्धिपत्र

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावरच समज. प्रत्यक्षात आठांपैकी साडेपाच अंगं सध्या वाकतात.) तुझं पत्र पोचलं. नवी कवळी आता नीट बसली का, की अजूनही बोलायला लागलीस की तीच आधी बोलते? भाऊजी कानातलं यंत्र मुद्दाम बंद ठेवतात असा तुझा संशय आहे. असेलही, पण चाळीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला एवढी सवलत द्यावी. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते उत्तम आहे, माझ्या मते कंटाळवाणा आहे.

निवृत्तीनंतर वेळ कसा जातो, असं तू विचारलंस. अक्का, पहिले दोन महिने तो गेलाच नाही, समोर बसून राहिला. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या हातातून तांबडी पेन्सिल एका दिवसात सुटत नाही. मी वर्तमानपत्र तपासून ठेवायला लागलो. मग औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं. मग तुझ्या भावजयीने वाण्याकडे द्यायला लिहिलेली यादी. ('साबन' असं लिहिलं होतं. मी नुसता 'न' खोडून 'ण' केला, बाकी काही नाही.) ती यादी घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "एखादा छंद लावून घ्या. घराबाहेरचा असला तर उत्तम, पण निदान माझ्या यादीबाहेरचा हवा." वर एक अट घातली, की तो स्वस्तातला असावा.

स्वस्तातला छंद म्हणून मी आधी पोस्टाची तिकिटं धरली. रद्दीवाल्याकडे एक पोतं होतं, जुन्या पाकिटांचे तिकिटांसकट कापलेले कोपरे, किलोवर. मी अख्खं पोतं उचललं. कागदापासून तिकिटं सुटावीत म्हणून घरातल्या तिन्ही बादल्यांत भिजत घातली, (त्या दिवशी अंघोळीला सुट्टी मिळाली,) मग दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत घातली. वाळल्यावर लक्षात आलं की सगळी पाकिटं एकाच कचेरीची होती आणि सगळ्या तिकिटांवर एकच निळं दीपगृह होतं. अकराशे दीपगृहं, अक्का. एवढ्यात सगळ्या समुद्रांची सोय झाली असती. कोणीतरी म्हणालं, चुकून उलटं किंवा तिरकं छापलेलं एखादं तिकीट निघालं तर त्याला मोल असतं. मी तीन दिवस एकेक तिकीट उजेडात धरून तपासलं. जन्मभर मी चुका शोधल्या आणि प्रत्येक पानावर ढिगाने सापडल्या. इथे चूक हवी होती, तर इतकं निर्दोष छापकाम उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

त्यानंतर गळ टाकून मासे धरण्याचा छंद झाला. तो एकच दिवस टिकला. जुन्या बाजारात घडीची काठी मिळाली. विकणाऱ्याने ती उघडून दाखवली, नऊ फूट. मिटून दाखवली नाही, आणि मीही विचारलं नाही. ती मिटतच नव्हती. तळ्यावर मासा लागला नाही, पण परत येताना बसच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या टोकाला एका सायकलवाल्याची टोपी लागली. ती परत देण्यासाठी दोन थांबे मागे चालत गेलो. काठी आता गॅलरीत आहे. तिच्यावर पडदा छान बसतो.

आता मुख्य हकिकत. त्याच जुन्या बाजाराच्या शेवटी, फाटक्या छत्रीखाली, उलट्या खोक्यावर एक म्हातारी बसते. एका चष्म्यावर दुसरा चष्मा लावते आणि समोर चादरीवर भिंगं, दुर्बिणी, काचा नसलेल्या चौकटी आणि चौकटी नसलेल्या काचा मांडते. सगळे तिला भिंगवाली म्हणतात. तिच्या पाटीवर 'दुर्बिण' असं लिहिलं होतं. माझा हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मी म्हटलं, बाई, 'बी' दीर्घ हवा. ती म्हणाली, "लोक वाचून येतात ना? मग बरोबर आहे." चौतीस वर्षांत माझ्या धंद्याला इतकं चोख उत्तर कोणी दिलं नव्हतं. मी मुकाट्याने खाली बसलो आणि तेव्हा मला तो दिसला. पितळी मायक्रोस्कोप. एका पायाला लंगडा, खालचा आरसा गायब, पण नळी अशी ऐटीत कललेली, की जणू म्हणत होती, या, बसा, काय दाखवू?

किंमत विचारली तर भिंगवालीने उलट मलाच विचारलं, "ह्याचा दिवा करणार का?" मला काही कळेना. मग तिने सांगितलं, की आधीचे तीन मायक्रोस्कोप नेणाऱ्यांनी त्यांच्या नळीत वायर घालून वर बल्ब लावला आणि बैठकीच्या खोलीत शोभेला ठेवला. "ह्याचं काम बघायचं आहे," ती म्हणाली, "उजेड पाडायचं नाही." मी शपथेवर सांगितलं की दिवा करणार नाही. "मग काय बघणार?" अक्का, आयुष्यभर काय बघायचं ते दुसऱ्याने टेबलावर आणून ठेवलं, मी बघितलं. शेवटी म्हणालो, "जे दिसेल ते." तिने वरचा चष्मा काढून मला नीट न्याहाळलं, किंमत एकदम खाली आणली आणि वर काचपट्ट्यांची एक छोटी लाकडी पेटी फुकट दिली. (किंमत इथे लिहीत नाही. शाई फुटते.)

पाय पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केला. आरसा तुझ्या भावजयीच्या पावडरीच्या डबीतला काढून बसवला. (डबी आता माझ्यावर रागावलेली आहे.) पेटीतल्या एका काचपट्टीवर कोणीतरी बारीक, सुरेख अक्षरात 'कांद्याचा पापुद्रा' असं लिहून ठेवलं होतं. ती खाली सरकवली, स्क्रू फिरवत गेलो, आधी धुकं, मग एकदम ओळीने मांडलेल्या विटा, आणि प्रत्येक विटेत एकेक टिंब, अनुस्वारासारखं. अक्का, मी खुर्चीतून उठलोच. रोज चिरतो आपण तो कांदा! मग मीठ पाहिलं, साखर पाहिली, गंजीफ्रॉकचा धागा पाहिला, कोळ्याचा पाय पाहिला. वर्तमानपत्रातला 'स' पाहिला तर त्याच्या कडा कुत्र्याने चावल्यासारख्या फाटलेल्या. ज्या अक्षरांवर मी पोट भरलं, त्यांचं तोंड मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

आठव्या दिवशी मी नळाच्या पाण्याचा थेंब खाली ठेवला, आणि जे दिसलं त्याने अंगावर काटा आला. काळे, लांब, कोयत्यासारखे वाकडे जंतू! एक नाही, पाच-सहा, ओळीने. आणि हलत होते. मधूनच एकदम सगळे मिळून खाली झेपावायचे आणि परत वर जायचे. मी त्यांचं चित्र काढलं. दुसरा थेंब घेतला, त्यातही तेच. आता हे पाणी आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं. ती टाकी शेवटची कधी धुतली होती ते कोणालाही आठवत नाही. आणि तळमजल्यावरच्या शिंप्याची मुलगी तीन आठवडे पोटाने आजारी, अंथरुणाला खिळलेली. शिंप्याने टाकीबद्दल सेक्रेटरींना दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी "ठीक आहे, बघू" एवढंच सांगितलं होतं. (जिना खचला तरी ते "ठीक आहे" म्हणतात. अख्ख्या इमारतीत त्यांचं नावच 'ठीकआहे' पडलंय.) मी तांबड्या शाईने सूचना लिहिली, 'टाकीच्या पाण्यात जंतू, प्रत्यक्ष पाहा, शनिवारी सकाळी दहा वाजता', खाली सही केली आणि फलकावर लावली.

शनिवारी जिन्याच्या मोकळ्या जागेत स्टुलावर मायक्रोस्कोप आणि पुढे रांग. एकेक जण डोळा लावायचा आणि किंचाळून मागे व्हायचा. एकालाही जंतू चुकले नाहीत. शिंप्याला तर डझनभर दिसले. पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना लांबलचक आणि वर वळलेले दिसले. "माझे तपकिरी आहेत," असं एक आजोबा म्हणाले, तेव्हा खरं तर मला शंका यायला हवी होती. मग ठीकआहे पुढे आले. बराच वेळ डोळा लावून म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही." झालं! लोक खवळले. अख्ख्या इमारतीला दिसतं आणि सेक्रेटरीला दिसत नाही? शिंपी आजवर कधी कोणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता. तो म्हणाला, "तुम्हाला बघायचंच नाही. माझी पोर वाळून काटकी झाली, तेही तुम्हाला दिसत नाही." ठीकआहेंनी पुन्हा डोळा लावला, पुन्हा मान हलवली, अगदी कळवळून म्हणाले, "अहो, खरंच दिसत नाही हो!" पण कोण ऐकतो? दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, टाकी रिकामी करून धुवायची असं तिथल्या तिथे ठरलं. प्लंबरला निरोप गेला. माझ्यासाठी कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

त्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मुलाकडून परत आल्या. बाई म्हणजे शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या. मोठ्या अभिमानाने मी त्यांना घरी बोलावून थेंब दाखवला. त्यांनी डोळा लावला, हसल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बघा. दिसतात? डोळा मिटा. उघडा. हलले? परत मिटा. परत हलले? काका, हे तुमच्या पापणीचे केस आहेत."

अक्का, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं. पण आम्ही चौथ्या मजल्यावर; दुभंगली असती तर मधल्या तीन बिऱ्हाडांना उगीच त्रास. बाईंनी समजावलं, की डोळा काचेच्या फार जवळ नेला की नवशिक्याला असं दिसतंच. आणि ठीकआहेंना का दिसलं नाही? तर आदल्याच महिन्यात अंगणात कचरा पेटवताना भडका उडून त्यांच्या पापण्या आणि भुवया होरपळून गेल्या होत्या. अख्ख्या इमारतीत खरं बोलणारा तो एकटा, आणि शिव्या त्यानेच खाल्ल्या.

आता काय करायचं? गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? टाकी धुतली गेली असती, शिंप्याच्या मनाला शांतता मिळाली असती, टाळ्या माझ्या नावावर राहिल्या असत्या. खरं सांगितलं तर कदाचित धुणंच रद्द होणार, आणि टाकी खरोखरच घाण असली तर? मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. बाई म्हणाल्या, टाकी धुवायलाच हवी, पण कारण खरं हवं. तुझी भावजय भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखवता. आपली कुठल्या शाईने दाखवणार?"

तांबड्याच शाईने दाखवली. रविवारी सकाळी सहाला फलकावर लावलं, 'शुद्धिपत्र. या फलकावरील सूचनेत जेथे जेथे "जंतू" असा शब्द आला आहे, तेथे तेथे "सही करणाऱ्याच्या पापणीचे केस" असे वाचावे. सेक्रेटरींचे निरीक्षण अचूक होते. त्यांची व सर्वांची क्षमा मागतो. तरीही टाकी धुवावी, ही विनंती.' एवढं लिहायला माझे चार कागद फुकट गेले. दुसऱ्याची चूक दोन खुणांत दाखवता येते.

पण प्लंबर पहाटेच येऊन कामाला लागला होता आणि टाकी अर्धीअधिक रिकामी झाली होती. सातच्या सुमारास एकीकडे नळ कोरडे पडले आणि दुसरीकडे लोकांनी शुद्धिपत्र वाचलं. मग जिन्यात जे संमेलन भरलं ते काय सांगू! कोणाच्या अर्ध्या गालाला साबण, कोणाच्या डोक्याला शांपू, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. ठीकआहे मधल्या पायरीवर उभे राहून भाषण करत होते. त्यांचा हक्कच होता तो, मी मान खाली घालून ऐकत होतो. "पापणीपायी पाणी गेलं," असं ते म्हणाले, आणि वाक्य चांगलं जमल्यामुळे त्यांनी ते पुन्हा म्हटलं. शिंपी तेवढा नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि तेच सगळ्यात जड गेलं.

इतक्यात गच्चीवरून प्लंबर ओरडला, "कोणीतरी वर या! नाक धरून या!"

ठीकआहे वर गेले, मागोमाग मी आणि शिंपी. टाकीचं झाकण मागच्या बाजूने फुटलं होतं, हाताची ओंजळ जाईल एवढं. आत घोट्याएवढा काळा गाळ, आणि गाळात दोन कबुतरं. कधीची मेली होती देव जाणे. अख्खी इमारत ते पाणी पीत होती. ठीकआहेंनी तोंड उघडलं, "ठी..." एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मग उठले, सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि प्लंबरच्या हातातली दुसरी बादली स्वतः घेतली. आम्ही तिघांनी दुपारपर्यंत गाळ उपसला. त्या दिवशी माझी साडेपाच अंगं सोडून बाकीचीही वाकली.

शिंप्याची मुलगी आता हिंडू-फिरू लागली आहे. पाण्यानेच आजारी होती असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, औषधही बदललं होतं, तेव्हा श्रेय मी घेत नाही. (एकदा सवय लागली शुद्धिपत्राची की जपून बोलावं लागतं.) पण परवा शिंपी वर आला, मायक्रोस्कोपची मापं घेऊन गेला आणि संध्याकाळी जाड निळ्या कापडाची खोळ आणून दिली. नाडीची, आतून अस्तर लावलेली, नळीच्या वाकणाला अगदी कोटाच्या खांद्यासारखी बसणारी. पैशाचं नाव काढलं तर रागावला. ठीकआहेंच्या पापण्याही उगवल्या. ते मुद्दाम येऊन डोळा लावून गेले आणि लहान मुलासारखे ओरडले, "दिसला! मलाही दिसला!"

आता दर गुरुवारी दुपारी बाई तळ्याच्या पाण्याची बाटली घेऊन येतात. डोळा किती लांब ठेवायचा ते मी शिकलो. गेल्या गुरुवारी खराखुरा जीव दिसला, चपलेच्या आकाराचा, पारदर्शक, अंगभर बारीक लव, आणि काय लगबग त्याची! काही राहिलंय, लवकर जायचंय, अशी. तुझी भावजय "बघू" म्हणून बसली ती उठेच ना. दूध उतू गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं दूध उतू गेलं आणि पहिल्यांदाच मी कोणाची चूक दाखवली नाही.

तू ये ना एकदा. भाऊजींनाही आण. जे दिसेल ते बघू.

तुझा धाकटा

ता. क. टाकीला नवं झाकण बसलं आहे. तरी आम्ही पाणी उकळूनच पितो. तूही पीत जा.

ता. क. २. एक बारीकशी गोष्ट राहिली. खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं, पण ओघात मागे पडली. मायक्रोस्कोप घरी आणला तेव्हा तुझी भावजय दारातच उभी होती. किंमत सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तोंडातून निघून गेलं, की निवृत्तीनिमित्त तू पाठवलास. ती आभाराचं पत्र लिहिणार म्हणते आहे. तेव्हा घाबरू नकोस आणि कृपा करून नाकबूल जाऊ नकोस. एवढं एक मुद्रित न तपासता तसंच छापलं जाऊ दे.

ता. क. ३. (हे अक्षर माझं आहे. यांनी पत्र पेटीत टाकायला दिलं, पण पाकीट चिकटवायचं विसरले.) वन्सं, सप्रेम नमस्कार. 'साबन'मध्ये चूक असेल, पण मला वाचता सगळं येतं. मायक्रोस्कोप कितीला घेतला ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी त्याच बाजारात, भिंगवालीपासून तीन दुकानं सोडून उभी होते. यांनी मला पाहिलं नाही. मी जुनी सायकल घेत होते. लहानपणापासून शिकायची राहिली होती. खाली शिंप्याच्या दुकानामागे ठेवते आणि बाईंच्या बरोबर रोज सकाळी मैदानावर शिकते. आता दोन्ही हातांनी हँडल धरून सरळ जाता येतं, वळता मात्र अजून येत नाही. मध्यंतरी पडून गुडघा फुटला, यांना म्हटलं जिन्यात घसरले. त्या गुडघ्याची खपलीसुद्धा यांनी काचपट्टीवर ठेवून चांगला अर्धा तास न्याहाळली. पण सायकल काही दिसली नाही.

तेव्हा वन्सं, तुम्ही एक नाही, दोन भेटी पाठवल्यात असं ठरवू या. एक यांना, एक मला. दोन्हींबद्दल आम्ही उभयता मनापासून आभारी आहोत. यांनी पत्रातून खोदून विचारलं तर तुम्हाला माहीत असलेलं बरं, म्हणून लिहिते. हिरवी आहे, आणि पुढे टोपली आहे.